दिवस कोणाच्या ताब्यात? : गृहशिक्षणाच्या अभ्यासाची ओळख

आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास, नऊ-दहा वर्षांचे मूल किराणा दुकानात एकटे दिसले की दुकानदार हटकतोच : ‘काय रे, आज शाळेला दांडी?’ घरी शिकणाऱ्या मुलांना हा प्रश्न इतका सवयीचा असतो की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. कुणी ‘सुट्टी आहे’ म्हणून मोकळे होते, कुणी ‘मी शाळेत जात नाही’ असे सांगून पुढच्या पाच प्रश्नांची तयारी ठेवते. शिकवतं कोण, परीक्षेचं काय, मित्र कुठून मिळणार, मोठेपणी करणार काय, हे ते पुढचे प्रश्न. आणि या अभ्यासक्षेत्राचा अर्धाअधिक विषय तोच आहे. दुकानदाराला जे सुचते तेच संशोधकालाही सुचते. संशोधकाने उत्तर ऐकायला थांबायचे असते, एवढेच.

हे पान उघडणाऱ्यांत मुलाला शाळेतून काढावे का, या विचाराने रात्र रात्र जागणारे पालक असतील, बीएड-एमएडचे विद्यार्थी असतील आणि ‘पोट भरलेल्यांची थेरं’ असे मनाशी म्हणणारे शिक्षकही असतील. सर्वांचे स्वागत. शिक्षकांचे जरा अधिकच, कारण त्यांच्या आक्षेपाला तोंड दिल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय मांडताच येत नाही. त्या आक्षेपाकडे येण्याआधी दोन जुन्या घरांत डोकावू.

पहिले घर सह्याद्रीच्या रानातले, गंगामूळचे. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवत. बाईमाणूस शिकू शकते हे अनंतशास्त्रींनी तिथे पाहिले आणि आपल्या बायकोला शिकवायचा निश्चय केला. घरच्यांना ते रुचले नाही. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवलेच, आणि अखेर रानात बिऱ्हाड थाटले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते; मुलीला शिकवले ते आईने. घरात विद्यार्थी, येणारेजाणारे, चुलीचा धबडगा. दिवसा सवड नाही, म्हणून आई पहाटे, पाखरे किलबिलू लागायच्या वेळी, झोपेने जड झालेल्या पोरीला गोंजारून उठवी आणि धडा म्हणून घेई. पोथी समोर नसे. आईच्या तोंडून येईल तोच पाठ. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे चालले. पुढे स्वतःच्या बळावर शिकत राहता येईल इतके माझे मन आईने तयार केले, अशी नोंद रमाबाईंनी करून ठेवली आहे. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, ते या पहाटेच्या शाळेच्या जोरावर.

हे गोड चित्र इथेच थांबवायचा मोह होतो आणि गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते बहुधा इथेच थांबतात. पण त्याच रमाबाईंनी दुसरी गोष्टही तितकीच स्पष्ट लिहिली आहे. धर्मग्रंथांपलीकडचे काही घरातल्या मुलांना शिकवलेच नव्हते. कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत फिरे. दुष्काळ पडला, पैसा संपला, तेव्हा हातांना पोटापुरते दुसरे कुठलेच काम येत नव्हते. आईवडील त्या दुष्काळात गेले. घराने जे दिले ते अपार होते आणि जे दिले नाही तेही घरानेच ठरवले होते. शाळेत एका मास्तराची उणीव दुसरा मास्तर थोडीफार भरून काढतो. घरी ती सोय नसते.

दुसरे घर दक्षिण आफ्रिकेतले, मोहनदास गांधींचे. १८९७ साली दोन मुले आणि एक भाचा घेऊन ते डर्बनला उतरले तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. गोऱ्यांच्या शाळेत, मेहरबानी म्हणून, त्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला असता. इतर हिंदी मुलांना मिळत नव्हता. गांधींनी तो नाकारला. महिना सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवून पाहिली, ते जमले नाही. पुढे जोहान्सबर्गला मुलांना घेऊन ते घर ते कचेरी पायी चालत, येऊन-जाऊन पाचेक मैल, आणि वाटेत बोलता बोलता शिकवत. अक्षरशिक्षणाला रोज नेमाने एक तास देता आला असता तर मुलांना आदर्श शिक्षण मिळाले असते, अशी कबुली ‘सत्याचे प्रयोग’मध्ये आहे. मुलांची तक्रार त्यांनी लपवली नाही. आपली भूमिकाही सोडली नाही.

थोरला हरिलाल (जन्म १८८८) या तक्रारीचे मूर्त रूप होता. त्याला बापासारखे विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. डॉ. प्राणजीवन मेहतांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीवर गांधींनी आधी पुतण्या छगनलालला पाठवले, नंतर सोराबजी अडाजानियांना. १९११मध्ये हरिलाल घर सोडून अहमदाबादला आला आणि विशी ओलांडलेल्या वयात शाळकरी मुलांच्या बरोबरीने मॅट्रिकच्या मागे लागला. मॅट्रिक काही झाले नाही. बापाचे तत्त्व उदात्त होते यात शंका नाही. ती परीक्षा मात्र मुलाची हौस होती, बापाच्या लेखी ती हौस चुकीची होती, आणि घराच्या शाळेत अपील करायला वरचे कोर्ट नव्हते.

ही दोन घरे शेजारी ठेवली की या क्षेत्राचा कळीचा प्रश्न दिसतो असे मला वाटते. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाच्या तोंडी एक वाक्य असते : ‘मुलाला त्याच्या आवडीचं करू द्यायचं.’ तबला, बुद्धिबळ, पक्षीनिरीक्षण, कोडिंग, जे काही असेल ते. ते वाक्य प्रामाणिक असते. पण शाळेचे सहा तास मोकळे झाले की ते तास कोणाच्या ताब्यात जातात, हे पाहिल्याशिवाय त्याची पारख होत नाही. काही घरांत ते खरोखर मुलाच्या हाती येतात. काही घरांत पहाटे पाचपासून टेनिसचा सराव, दुपारी गणित, संध्याकाळी पुन्हा सराव असे वेळापत्रक भिंतीवर लागते आणि शाळेपेक्षा कडक शाळा सुरू होते. फक्त मधली सुट्टी नसते. मूल एके दिवशी म्हणाले की ‘मला रॅकेट नको, शाळेत जायचंय’, तर काय होते? कुठल्याही घराबद्दल मी आधी हेच विचारीन.

आधुनिक चळवळीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो, कारण तो अन्यत्र विपुल आहे. इव्हान इलिच यांचे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ १९७१चे. जॉन होल्ट हे अमेरिकेतले शाळामास्तर. आधी शाळा सुधारू पाहणारे, मग तो नाद सोडून १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढणारे. त्यांच्या बरोबरीने, पण अगदी उलट कारणासाठी, धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबेही मुलांना शाळेतून काढू लागली. एकाला शाळा फार शिस्तीची वाटे, दुसऱ्याला फार सैल. १९९३पर्यंत अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले आणि २०१६च्या सरकारी पाहणीत तिथली सुमारे १७ लाख मुले, म्हणजे शालेय वयाच्या मुलांपैकी ३.३ टक्के, घरी शिकत होती. जर्मनीत मात्र आजही शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि २००६ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही जर्मनीच्या बाजूने कौल दिला. मुलावर समाजाचा काही हक्क आहे की नाही, याची ही दोन टोकाची उत्तरे आहेत.

आता तो आक्षेप. महाराष्ट्रात शाळा ही मागून, भांडून मिळवलेली गोष्ट आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणले, ते पडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्ती केलीच आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसून शिकावे लागले, त्यांना कुणी ‘आम्ही शाळा सोडली’ असे अभिमानाने सांगितले तर राग येणारच. सरकारी दप्तरात हा विरोधाभास आणखी विचित्र होतो. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर आईबापांमागे हिंडणारे मूल ‘शाळाबाह्य’, आणि पुण्यातल्या सदनिकेत स्वतःच्या टेबलाशी बसून खगोलशास्त्र वाचणारे मूलही ‘शाळाबाह्य’. सर्वेक्षणाचा रकाना एकच. या क्षेत्रातल्या अभ्यासकाने तो रकाना विसरू नये. पण पहिल्या मुलाला शाळा मिळावी म्हणून दुसऱ्याला तिथे डांबले पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कायद्याची अवस्था धूसर आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकाचे कर्तव्य ठरवले, पण ते न पाळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. गृहशिक्षणाला परवानगी देणारा शब्द कायद्यात नाही आणि मनाई करणाराही नाही. त्या फटीत ही कुटुंबे राहतात.

परीक्षांच्या वाटा मात्र बऱ्यापैकी मळलेल्या आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात तिच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीला बसता येते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय करून सोडवता येतो. नाचाचे कार्यक्रम किंवा स्पर्धांचे दौरे असलेल्या मुलांना ही सवड फार मोलाची. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म सर्वांच्या ओळखीचा, पण तो मुळात मध्येच शाळा सुटलेल्यांसाठी आहे. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि कधी शाळेतच न गेलेल्या मुलाकडे सोडल्याचा दाखला कुठून असणार?

छंदांच्या बाबतीत हाच अनुभव वेगवेगळ्या रूपांत येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना मूल कुठल्या शाळेत आहे याच्याशी देणेघेणे नाही; गुरू हवा आणि रियाज हवा. शालेय क्रीडास्पर्धांचे दार मात्र बोनाफाईडशिवाय उघडत नाही. त्यामुळे घरी शिकणारी मुले संगीत, चित्रकला, बुद्धिबळ, संगणक अशा एकट्याने करता येणाऱ्या गोष्टींकडे अधिक वळलेली दिसली, तर ती त्यांची जन्मजात आवड समजण्याची घाई करू नये. कबड्डीला सात जण लागतात.

या चर्चेत मुंबईच्या एका मुलीचे उदाहरण हटकून येते. सातवीच्या सुमारास आईने तिला शाळेतून काढले, तिला प्रोग्रामिंगची गोडी लागली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६मध्ये एमआयटीने तिला घेतले. आयआयटीचे दार बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. ही गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पुरावा म्हणून ती कुचकामी आहे. अमेरिकेतल्या संशोधनाची हीच अडचण आहे. लॉरेन्स रुडनर यांच्या १९९९च्या प्रसिद्ध अभ्यासात वीस हजारांवर मुले होती आणि त्यांचे गुण सरासरीच्या बरेच वर होते. पण ही मुले एकाच चाचणीसेवेकडे पैसे भरून आलेली होती. घरात पैसा, आईवडिलांचे शिक्षण आणि उत्साह हे सगळे आधीच जमेला धरलेले. शाळा वगळल्याने काय झाले हे त्यातून कळत नाही, हे रुडनर यांनीही मान्य केले होते.

आणि ‘आईवडील’ म्हणताना जरा थांबावे. गंगामूळला तत्त्व शास्त्रीबुवांचे होते, झोपमोड लक्ष्मीबाईंची. आजही मुलाखतीत बाबा शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर बोलतात, आणि क्लासला सोडणे, वाचनालयातून पुस्तके बदलणे, एनआयओएसच्या संकेतस्थळावर रात्री अकराला फॉर्म भरणे हे आईच्या वाट्याला असते. बहुतेक वेळा तिने नोकरी सोडलेली असते. मुलांची स्वप्ने कोणाच्या स्वप्नांच्या बदल्यात जपली जातात, हा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला मला दिसलेला नाही. एखाद्या तरुण संशोधिकेने तो हाती घ्यावा.

मराठीत शाळेवरची टीका जुनी आणि सकस आहे. लीलाताई पाटलांचे कोल्हापूरचे ‘सृजन आनंद’ १९८५चे, पुण्याचे ‘पालकनीती’ मासिक १९८७चे. पण त्या परंपरेचा कल शाळा अधिक माणसाळलेली करण्याकडे आणि पालकांना शहाणे करण्याकडे राहिला. शाळाच वजा केली तर काय, हा प्रश्न तिच्या कडेला उभा राहिला. त्यामुळे नव्या वाचकाला इथे सगळे काही पालकांच्याच तोंडून ऐकावे लागते. ज्यांना घरी शिकवले त्यांनी लिहिलेले फार थोडे. रमाबाईंची आत्मनिवेदने आहेत. हरिलालने ३१ मार्च १९१५ रोजी बापाला लिहिलेले, छापून वाटलेले पत्रही आहे. शिक्षणहक्क कायदा आला तेव्हा घरी शिकू लागलेली मुले आता विशीत आहेत, लिहिती आहेत. त्यांचे लेखन हाती येईपर्यंत वाचकाने आरंभ या दोन कागदांपासून करावा. होल्ट आणि इलिच नंतर वाचले तरी चालतील.