मेपलच्या तोटीची कुळकथा

मेपलचा रस काढण्यासाठी खोडात बसवतात ती तोटी आज करंगळीएवढी आणि प्लास्टिकची असते. तिच्यासाठी पाडायचं भोक ८ मिलिमीटरचं. १९९०च्या दशकापर्यंत ते ११ मिलिमीटरचं असे. तीन मिलिमीटर म्हणजे ते काय, असं वाटेल. पण तेवढ्याने भोकाचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं. इथवर यायला दोनशे वर्षं लागली आणि वाटेत एक घातक गोळीही येऊन गेली.

हा रस मिळतो हिवाळा सरता सरता, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं त्या मोजक्या आठवड्यांत. त्यात साखर असते सुमारे दोन टक्के. ४० लिटर रस आटवावा तेव्हा कुठे लिटरभर काकवी हाती लागते. ही विद्या मूळची अनिशिनाबे, अबेनाकी, हौडेनोशोनी या ईशान्य अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या लोकांची. ते सालीवर तिरकी खाच घेत, तिच्या खालच्या टोकाशी बोरू किंवा लाकडाची चीप खोचत आणि खाली भूर्जाच्या सालीचं भांडं ठेवत. युरोपातून आलेल्यांनी हे पाहिलं, उचललं आणि हातातल्या लोखंडी कुऱ्हाडीने खाचा घेऊ लागले. रस भरपूर येई, पण झाड उघडं पडे.

कुऱ्हाडीला पर्याय ठरलं सुताराचं गिरमिट. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ साली थॉमस जेफर्सन यांना मेपलच्या साखरेविषयी लांबलचक पत्र लिहिलं, त्यात गिरमिटाची भलामण आहे. रश यांचा हेतू झाडं जपण्याचा नव्हता. वेस्ट इंडीजची ऊससाखर गुलामांच्या कष्टांवर निघते, तिला पर्याय म्हणून घरची साखर उभी करावी, हा त्यांचा ध्यास. जेफर्सन यांनीही त्याच वर्षी माँटिचेलो या आपल्या मळ्यावर मेपलची रोपं लावली. बाग काही धरली नाही. रश यांच्या पत्रातला तोट्यांचा तपशील मात्र पक्का आहे: सुमॅक किंवा एल्डरच्या काठीची तोटी करावी. या दोन्ही झुडपांच्या फांदीत मऊ गाभा असतो. तो काढून टाकला की आयती नळी तयार. पण त्याच पत्रात असंही म्हटलंय, की भोक पाडल्याने झाडाला इजा होत नाही, उलट जितकं टोचावं तितका रस वाढतो. हा समज पुढे फार काळ पुरला.

१८६०च्या सुमारास धातूच्या तोट्या आल्या, बादली अडकवायला आकडा असलेल्या. पत्र्याच्या बादल्यांच्या सांध्यांना शिशाचा डाख असे. तो रसात उतरतो म्हणून अशी जुनी भांडी १९९०च्या दशकात वापरातून काढायची मोहीम घ्यावी लागली. त्याआधी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, प्लास्टिकच्या नळ्या आल्या होत्या. बादल्या वाहण्याचे कष्ट वाचले. पण बादली घासता येते, जंगलभर पसरलेली नळी घासणार कशी?

तोवर कळून चुकलं होतं, की भोक काही आठवड्यांत ‘सुकतं’ ते वाऱ्याने नव्हे. त्यात जंतू वाढतात, झाडही आपल्या बाजूने नलिका बुजवत जातं. यावर १९६०च्या दशकात उपाय निघाला पॅराफॉर्मल्डिहाइडच्या गोळीचा. गोळी भोकात सारायची, वर तोटी ठोकायची. जंतू मरतात, हंगाम लांबतो. लोक खूश झाले. बिल लागलं झाडाला.

ते बिल वाचलं ॲलेक्स शायगो यांनी. अमेरिकी वनखात्याचे हे संशोधक करवतीने झाडं उभी चिरून आतली कुज पाहत. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, हे त्यांनी दाखवलं. झाड जखमी भागाभोवती आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून चढवत जातं. आतला डाग जन्मभर तसाच राहतो. भोक जेमतेम ४-५ सेंटिमीटर खोल, पण त्याच्या वर-खाली वीतभर किंवा जास्तच लाकूड कायमचं निकामी होतं. गोळीने हे भिंत घालणंच ढिलं पडे आणि कुज पसरे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याने गोळीवर बंदी घातली, पुढे कॅनडानेही.

म्हणून आज भोक पाडणारा आधी भुसा पाहतो. गिरमिटाच्या पात्यावर मलईच्या रंगाचा भुसा आला तर जागा चांगली; तपकिरी आला तर जुना डाग लागला, तिथे रस येणार नाही. म्हणूनच दर वर्षी भोक चार बोटं बाजूला आणि थोडं वर-खाली सरकवतात. खोड दहा-बारा इंचांहून बारीक असेल तर हातच लावत नाहीत.

८ मिलिमीटरची तोटी आली तेव्हा रस घटेल म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. नळ्यांना निर्वात पंप जोडल्यावर फारसा घटला नाही. खरी मेख निघाली स्वच्छतेत. पंप थांबला किंवा गारठा पडला की झाड नळीतला रस परत ओढून घेतं, आणि जुन्या तोटीतले जंतू त्याबरोबर थेट जखमेत जातात. व्हर्माँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर केंद्रात टिमथी पर्किन्स यांनी यावर २०१०च्या सुमारास तोटीच्या पोटात छोटी गोळी बसवली. रस बाहेर येताना ती बाजूला होते, मागे वळला की भोक बंद करते. इथे गोळी झाडाच्या बाजूने लढते, हा काव्यगत न्यायच. काहीजण नुसतीच दर हंगामाला नवी तोटी घालतात. तेही पुष्कळ पुरतं. हंगाम संपताच तोट्या उपटायच्या, नाहीतर झाडाला भोक बुजवता येत नाही.

नळ्या धुण्यावरून मात्र अजून वाद आहेत. ब्लीचने जंतू जातात, पण खारटपणा मागे उरतो आणि खारींना तो फार आवडतो. मग नळ्या कुरतडल्या जातात, पंपाची ओढ सुटते आणि वसंतात मालकाला पक्कड व जोडतुकडे घेऊन रानभर गळती शोधत हिंडावं लागतं.