कर्जरोख्यापासून भागपत्रापर्यंत

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, व तो वणवा लवकरच नगर जिल्ह्यांतही पसरला. सरकारनें चौकशी केली. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु कागद जळाला म्हणून गरज जळत नाहीं. पुढच्या पेरणीस बीं हवें, बैल हवा, आणि त्यासाठीं पुन्हा त्याच सावकाराच्या ओसरीवर जावें लागे. संतापानें जें साधलें नाहीं तें चिकाटीनें कितपत साधलें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं नगर जिल्ह्यांतीलच लोणी बुद्रुक या गांवाकडे वळावें, असें आम्ही सुचवितों.

तेथील विठ्ठलराव विखे पाटील हे जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा मार्ग मोकळा झाला होता. पण कायदा आपल्या पायांनीं गांवांत चालत येत नाहीं. १९२३ सालीं विठ्ठलरावांनीं लोणींत पतपेढी काढली. एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनीं पत्करावयाची, हें अशा ग्रामीण पेढ्यांचें मूळ तत्त्व. शेजाऱ्याची पत ती आपली पत, असें मानावयास शिकणें हेंच यांतील कठीण शिक्षण होतें.

१९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांबरोबर ऊंस वाढला. परंतु गुळाचा भाव कोसळला कीं बागाइतदार पुन्हा कर्जांत बुडे, आणि खाजगी साखर कारखाने शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडानें घेऊन ऊंस पिकवीत. १९४५ सालीं भरलेल्या बागाइतदारांच्या परिषदेंत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी कारखान्याचा विचार मांडला. विचार पंडितांचा होता. तो दारोदार नेला विठ्ठलरावांनीं. पिढ्यान्‌पिढ्या कर्जरोख्यांवर अंगठे उठविणाऱ्या हातांनीं भागांचे पैसे मोजून द्यावेत, हें साधण्यास गांवोगांव हिंडावें लागलें. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, व १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगर येथें पहिलें गाळप झालें. पतपेढीपासून येथवर सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं.

पुढें याच धर्तीवर महाराष्ट्रांत अनेक कारखाने निघाले. १९६१ सालीं विठ्ठलरावांस पद्मश्री मिळाली. या कारखान्यांभोंवतीं सत्तेचें राजकारण वाढलें, हेंही खरें. आणि ज्यांच्यापाशीं पाण्याखालची जमीन नव्हती त्या ऊंसतोड मजुरांस भागधारकाचें स्थान लाभलें नाहीं, हा उणेपणा झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तथापि पत केवळ सावकाराच्या तिजोरींत नसून गांवकऱ्यांनीं परस्परांस दिलेल्या शब्दांतही असते, हें एका अल्पशिक्षित शेतकऱ्यानें करून दाखविलें. ज्या जिल्ह्यांत एके काळीं कागद जाळावे लागले, तेथेंच पाऊणशें वर्षांनीं पेटींत जपून ठेवावा असा एक कागद शेतकऱ्याच्या नांवें निघाला.