शिखराखालची माणसे

इंग्लंडमधील एखाद्या गावाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक बहुधा चर्चच्या शिखरापासून सुरुवात करतो. चेस्टरफील्डचे पिळवटलेले शिखर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ओल्या लाकडाच्या सांगाड्यावर शिशाच्या पत्र्याचा भार पडून ते वाकले असावे, असे जाणकार सांगतात. लोककथा मात्र ते सैतानाच्या माथी मारते. इतिहासकार या दोन्हींची नोंद करतो, कारण शिखर वाकले कसे याइतकेच ते गावाने आपलेसे केले कसे, हेही त्याला सांगायचे असते.

हीच दृष्टी घेऊन आम्ही पुण्याकडे पाहतो, तेव्हा प्रथम लक्ष वेधून घेते ते लष्करातील लाल देऊळ. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहून १८६७ मध्ये पूर्ण झालेले हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. विटांचे बांधकाम, सुमारे ९० फुटी मनोरा आणि त्यावरील घड्याळ पाहून परका माणूस त्याला चर्चच समजेल. पुणेकराने ते चर्चही म्हटले नाही आणि सिनेगॉगही. रंग पाहिला, देव पाहिला आणि नाव ठेवून दिले.

गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या आवारात, १८८५ मध्ये प्रतिष्ठापना झालेले चर्च आहे. त्याच्या घंटामनोऱ्याची उंची सुमारे १३० फूट असून आत लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत. लष्करातील शिखरे राज्यकर्त्यांच्या वस्तीत उभी राहिली. हा मनोरा मात्र पेठेतल्या वाड्यांच्या शेजारी आला. येथील मराठी ख्रिस्ती समाज आपल्या चर्चला 'पवित्र नाम देवालय' म्हणतो. म्हणजे 'देऊळ' या शब्दाने ज्यूंना जागा दिली, तशीच 'देवालय' या शब्दाने ख्रिस्त्यांनाही दिली.

भाषेने दाखवलेले हे औदार्य आमच्या इतिहासलेखनाने दाखवले काय? पंचहौद म्हटले, की आम्हा मराठीच्या अध्यापकांना १८९० चे चहाप्रकरण आठवते. टिळक, रानडे आणि इतर मंडळी मिशनमध्ये गेली, गोपाळराव जोशी यांनी ते चव्हाट्यावर आणले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगतो. त्या कथेत चहा घेणाऱ्यांची नावे असतात, न घेणाऱ्यांची असतात. ज्यांच्या अंगणात हे घडले ते ख्रिस्ती पुणेकर मात्र केवळ यजमान म्हणून क्षणभर येतात आणि नाहीसे होतात. त्याच मिशनशी संबंध असलेल्या वाँटेजच्या भगिनींकडे इंग्लंडात जाऊन पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, हा दुवाही आम्ही क्वचितच जोडतो.

हा दोष आमचाही आहे. पेल्यातल्या वादळावर आम्ही इतकी वर्षे बोललो, पण जवळच उभ्या असलेल्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले नाही. पेठेचा इतिहास लिहायचा, तर त्या मनोऱ्याच्या सावलीतल्या घरांत काय वाचले जाते, लग्नात कोणती गाणी म्हटली जातात, कोणते मराठी बोलले जाते, हे विचारावे लागेल. चहाची गोष्ट त्यानंतर सांगता येईल. कदाचित तेव्हा ती निराळीही वाटेल.