मान आणि उन्मान : शेरापासून लिटरपर्यंत

कापडाच्या व्यापाऱ्यास लांबी हे एकच माप पुरते. वार गेला, मीटर आला, तेव्हा एक गुणाकार शिकून काम भागले. तेला-तुपाच्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या दुकानात तराजूही असतो आणि मापही असते, आणि दोहोंचा हिशेब एक नसतो. हा भेद आपल्या पूर्वाचार्यांनी किती बारकाईने जाणला होता, हे सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

अनुयोगद्वारसूत्रात मान, उन्मान, अवमान, गणिम व प्रतिमान असे मोजमापाचे पाच प्रकार सांगितले आहेत. मान म्हणजे भांड्याने मापणे, उन्मान म्हणजे तराजूने तोलणे. मानाचे पुन्हा दोन भेद : धान्यमान व रसमान. धान्याच्या मापावर शीग चढते, द्रव पदार्थावर चढत नाही. म्हणून रसमान धान्यमानाहून एक चतुर्थांशाने मोठे धरले आहे. रसमानातील ‘मानी’ २५६ पलांची, तर तिचा चौसष्टावा भाग असलेली ‘चतुःषष्टिका’ ४ पलांची. पल हे वजन. म्हणजे द्रवाचे माप वजनाशी जोडण्याची रीत तेव्हाही होती.

तत्त्वार्थसूत्राने तर ‘हीनाधिकमानोन्मान’ हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. देताना कमी आणि घेताना अधिक, मग ते मापाने असो वा तराजूने, दोष सारखाच.

महाराष्ट्रात पुढे ‘शेर’ हा एकच शब्द दोन्हींकडे चालला. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापाची चढती भाजणी. आणि ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर तराजूचा. मणाचेही तसेच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर ४० शेरी मण सुमारे ३७.३२ किलोचा. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली. ऑक्टोबर १९५८ पासून तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी होऊन एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली.

नावांचा गोंधळ मिटला. मान आणि उन्मानाचा मात्र राहिला. पाण्याचे एक लिटर सुमारे एक किलो भरते. खाद्यतेलाचे लिटर साधारण ९१० ग्रॅम, दुधाचे सुमारे १,०३० ग्रॅम. बाजारात तेलाचे १५ किलोचे डबे मिळतात आणि १५ लिटरचेही. लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच असते. दोन्ही डबे प्रामाणिक आहेत. त्यांना एकच समजून भाव ठरवला, तर ग्राहक सुमारे १ किलो ३५० ग्रॅमला मुकतो.

त्यात उष्णतेची भर. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना वेष्टनावर तापमानाचा उल्लेख न करता परिमाणाबरोबर वजनही छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. मान आणि उन्मान पुन्हा शेजारी आले.

पनवेल-बेलपाडा परिसरातील आपल्या सामुदायिक भोजनांत तेल-तुपाची यादी करताना एवढे सांभाळावे : किलोचे लिटर करताना ०.९१ ने भागावे, लिटरचे किलो करताना ०.९१ ने गुणावे. १० किलो तेलास सुमारे ११ लिटर. तूप गरम असताना मापू नये, तोलावे. यादीत आकड्यापुढे ‘किलो’ की ‘लिटर’ हे स्पष्ट लिहावे. समाजाच्या पैशाचा हिशेब चोख राहणे, हेही व्रतपालनच आहे.