मद्यविक्रीचा परवाना आणि स्थानिक स्वराज्य संस्था : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र

प्रस्तावना

उपाहारगृहात मद्य विकण्याची परवानगी कोणी द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय तपशिलाचा वाटतो. इंग्लंड व वेल्समध्ये हा अधिकार कित्येक शतके दंडाधिकाऱ्यांकडे होता. 2003 च्या कायद्याने तो लोकनिर्वाचित स्थानिक परिषदांकडे सोपविण्यात आला व 24 नोव्हेंबर 2005 पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. महाराष्ट्रात मात्र हा अधिकार नगरपालिकेच्या सभागृहापर्यंत कधी पोहोचलाच नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघराची स्वच्छता तपासण्याचा अधिकार पालिकेचा, परंतु त्याच हॉटेलातील बाटलीचा परवाना जिल्हाधिकाऱ्याचा, अशी विभागणी येथे रूढ झाली. ती कशी झाली व तिच्यात लोकमताला कोणते स्थान मिळाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अबकारी आणि लोकमत

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्री यांवरील नियंत्रण कलेक्टरच्या हाती एकवटले. या कायद्याची प्रेरणा प्रामुख्याने महसुलाची होती. घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू बेकायदा ठरली आणि तिची जागा कर भरलेल्या, मक्तेदाराच्या भट्टीतील दारूने घेतली. 1892 च्या कायद्याने तर मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या व्यवस्थेत परवाना हे उत्पन्नाचे साधन असते, तेथे तो देण्याचा अधिकार खालच्या संस्थेकडे जाणे कठीणच असते.

या धोरणाला पहिला मोठा धक्का लंडनमध्ये बसला. 30 एप्रिल 1889 रोजी सॅम्युअल स्मिथ यांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात भारतातील अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव मांडला. डब्ल्यू. एस. केन यांचा त्याला पाठिंबा होता व तो संमतही झाला. आपल्या भागात दारूचे दुकान असावे की नाही हे तेथील रहिवाशांनी ठरवावे, ही ब्रिटनमधील मद्यपानविरोधी चळवळीची जुनी मागणी होती. हिंदुस्थान सरकारने 1890 मध्ये उत्तर देताना लोकभावना जाणून घेण्याचे व तिचा वाजवी आदर राखण्याचे तत्त्व मान्य केले. निर्णय मात्र अधिकाऱ्याकडेच ठेवला. पुढील काळात मोठ्या शहरांत सल्लागार समित्या आल्या आणि त्यांत पालिकेचे सदस्यही बसू लागले. परंतु समितीचे काम सल्ला देण्याचे होते, हे विसरता येत नाही. 1908 मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधनाची चळवळ उभी राहिली व लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. लोकमत नोंदविण्याची अधिकृत वाट अपुरी पडली, म्हणूनच ते रस्त्यावर आले, असे म्हणावे लागते.

दारूबंदीतील 'परमिट रूम'

1919 च्या सुधारणांनंतर अबकारी हे सोपीव खाते झाले. 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी लागू झाली. महसुलाची तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला व 6 एप्रिल 1950 पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये बलसारा खटल्यात या कायद्यातील काही तरतुदी, विशेषतः मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांविषयीच्या, रद्द केल्या. बाकीचा कायदा टिकला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कायद्याचे कलम 35 सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या हॉटेलात परमिटास पात्र असे पुरेसे निवासी असतील, त्या हॉटेलास परमिटधारकांना विदेशी मद्य विकण्याचा परवाना देता येई. मात्र सर्वसामान्य लोकांचा वावर असलेल्या खोलीत ते पिण्यास मनाई होती. म्हणजे मद्यपान हा आजारी, परदेशी किंवा अन्य अपवादात्मक व्यक्तीचा खाजगी व्यवहार मानला गेला. 1960 च्या दशकापासून बंदी शिथिल होत गेली, परमिट सहज मिळू लागले, आणि अपवादासाठी योजलेली ही व्यवस्था गल्लोगल्लीच्या उपाहारगृहांची पाटी बनली. 'परमिट रूम' हा शब्द बंदीच्या काळाचे अवशेषरूप आहे. बंदी हे राज्याचे धोरण असल्याने तिला अपवाद करण्याचा अधिकारही राज्याचाच राहिला. पालिकेला त्यात स्थान मिळण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

आडवी बाटली

लोकमताला कायद्यात जागा मिळाली ती परवाना देण्याच्या टप्प्यावर नव्हे, तर तो बंद करण्याच्या टप्प्यावर. 25 मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा नगरपालिकेच्या प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेण्याची तरतूद झाली. मतपत्रिकेवर दुकान चालू ठेवण्यासाठी उभी बाटली व बंद करण्यासाठी आडवी बाटली अशी चिन्हे होती. अट अशी की, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. समजा, प्रभागात 1,000 महिला मतदार आहेत. 700 जणींनी मतदान केले आणि 480 जणींनी बंदीच्या बाजूने कौल दिला. झालेल्या मतदानाच्या दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळूनही ठराव फेटाळला जाईल. न आलेली प्रत्येक स्त्री, मग ती मजुरीवर गेलेली असो वा गावाबाहेर, उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. नगरसेवकाच्या निवडणुकीत असा निकष कोणी सुचविला असता, तर तो हास्यास्पद ठरला असता. तरीही अनेक गावांतील स्त्रियांनी ही कसोटी पार केली, हे विशेष.

अनुसूचित क्षेत्रांची स्थिती थोडी वेगळी आहे. 1996 च्या 'पेसा' कायद्याने मादक पदार्थांच्या विक्री व सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार तेथील ग्रामसभा व पंचायतींना देण्याचे बंधन राज्यांवर घातले. महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये आले. ज्यांच्या मोहावर 1878 व 1892 च्या कायद्यांनी गदा आणली, त्याच आदिवासी समाजाच्या ग्रामसभेला हा अधिकार मिळाला, शहरातील निर्वाचित सभागृहाला नाही.

15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. 31 मार्च 2017 च्या आदेशाने 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर 220 मीटर करण्यात आले, आणि उपाहारगृहेही बंदीच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये पालिका हद्दीतील परवानाधारकांना मोकळीक मिळाली. महामार्गालगतची अनेक परमिट रूम पुन्हा उघडली ती केवळ पालिकेच्या हद्दीत असल्यामुळे. त्यासाठी पालिकेच्या सभागृहाचा ठराव लागला नाही.