पोलादी गोळीची साक्ष

गवंडी कितीही मुरलेला असो, भिंत उभारताना तो नुसत्या नजरेवर विसंबत नाही. दोरीचा ओळंबा सोडतो आणि भिंत त्याच्याशी पडताळून पाहतो. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्यांना असा ओळंबा हाती यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्याचीच ही हकिगत.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे उमटली आणि बोटातली अंगठीही. पुढच्या काही महिन्यांतच हे किरण कर्करोगावर टाकून पाहणारे डॉक्टर पुढे आले. दाखवणारा किरण आणि जाळणारा किरण ही अशी एकाच घरची भावंडे. परंतु दोघांचे बोट एकाच जागी पडते का, हा प्रश्न ऐरणीवर यायला पुष्कळ काळ जावा लागला.

तोवर भरवसा होता तो कातडीवरल्या शाईच्या खुणांवर. पण कातडी सरकते, श्वासाबरोबर छाती हलते, मूत्राशय भरले की शेजारचे अवयव जागा सोडतात. मेंदूपुरता यावर उपाय काढला स्वीडनच्या लार्स लेक्सेल या शल्यवैद्यांनी. १९४९ मध्ये त्यांनी कवटीला घट्ट बसणारी एक चौकट प्रसिद्ध केली. मेंदूतला कोणताही बिंदू तिच्यावरून तीन आकड्यांत सांगता येई. १९५१ मध्ये त्यांनी सुरीवाचून, किरणांनीच शस्त्रक्रिया करण्याची कल्पना मांडली.

चौकटीने पत्ता दिला खरा. पण यंत्र त्याच पत्त्यावर जाते कशावरून? १९८८ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या लुट्झ आणि विन्स्टन यांनी दिलेले उत्तर कोणालाही समजावे इतके साधे आहे. किरणयंत्र रोग्याभोवती फिरते, तेव्हा सारे झोत ज्या बिंदूत एकत्र यायला हवेत, तिथे एक लहानशी पोलादी गोळी ठेवायची. निरनिराळ्या कोनांतून बारीक झोत सोडून फिल्म घ्यायची. झोताच्या वर्तुळात गोळीची सावली बरोबर मधोमध पडली, तर यंत्र खरे; बाजूला पडली, तर जितकी सरकली तितकी चूक. आमचा ओळंबा तो हाच!

पुढे यंत्रालाच डोळा बसवण्यात आला. २००२ मध्ये जॅफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणयंत्रावर क्ष-किरणांची वेगळी नळी व सपाट पडदा लावून, रोगी टेबलावर असतानाच त्याच्या शरीराचे त्रिमिती चित्र घेण्याची रीत मांडली. पण हा डोळा वजनदार हातांवर बसलेला. यंत्र फिरू लागले की हे हात आपल्याच भाराने किंचित लवतात. या कोनात इकडे, त्या कोनात तिकडे. तेव्हा पुन्हा गोळीलाच साक्षीला बोलवावे लागले. उपचाराच्या झोताने तिची जागा ठरवायची, मग नव्या डोळ्याने तिला चहूबाजूंनी पाहायचे, आणि प्रत्येक कोनात सावली किती ढळते याची नोंद करून संगणकाकरवी तेवढे वजा करायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. रोगी हलल्यामुळे होणारी चूक आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. काही अंशी ती आपोआप फिटते. यंत्राच्या डोळ्यातली चूक मात्र रोज एकाच दिशेला, आणि त्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला. शिवाय ती दिसत नाही. चित्र स्वच्छ असते, हाडावर हाड तंतोतंत जुळलेले असते, सगळे समाधानी असतात. आणि झोत गाठीची कड सोडून शेजारच्या मज्जारज्जूकडे सरकलेला असतो. म्हणून अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००९ च्या अहवालात मर्यादा घालून दिली: डोळा आणि झोत यांच्यातले अंतर नेहमीच्या उपचारांत २ मिलिमीटरच्या आत, आणि मेंदूवरील सूक्ष्म उपचारांत १ मिलिमीटरच्या आत हवे; आणि हे रोज तपासायचे.

रोज सकाळी, पहिला रोगी आत येण्यापूर्वी, अशा खोलीत टेबलावर एक निर्जीव ठोकळा निजवला जातो. त्याचे चित्र घेतात, त्याला जागेवर आणतात, आकडे वहीत लिहितात. बाहेर बाकावर बसलेल्या रोग्याला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला एवढेच दिसते, की दार उघडायला आज दहा मिनिटे उशीर झाला.