शांततेसाठी आणखी एक आवाज

हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग सुरू केलं की लोकलची घरघर एकदम मागे सरते. आत काय होतं? मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि स्पीकर त्याची उलटी लाट सोडतो. शिखराच्या जागी दरी आली की बेरीज जवळपास शून्य.

ही कल्पना हेडफोनपेक्षा खूप जुनी आहे. जर्मनीतल्या पॉल ल्यूगने १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ मध्ये अमेरिकन पेटंटही मिळालं. मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, लाउडस्पीकर, सगळं त्यात होतं. अडचण एकच: लाटा जुळवायच्या कोणी? १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कॉनोव्हरने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण अशीच दाबून दाखवली, पण जुळणी हाताने करावी लागे.

हाताची जागा गणिताने घेतली १९६० मध्ये. स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांचा एलएमएस अल्गोरिदम अगदी साधा: उरलेली चूक मोजा, ती कमी होईल त्या दिशेला किंचित सरका, पुन्हा मोजा. (हाच हॉफ पुढे इंटेलच्या ४००४ मायक्रोप्रोसेसरच्या निर्मात्यांपैकी एक.) स्पीकरपासून कानापर्यंतच्या वाटेचा परिणामही हिशेबात धरणारी ‘फिल्टर्ड-एक्स’ पद्धत १९८०च्या सुमारास आली. आता प्रश्न सुटला, असं वाटतं ना?

मलाही वाटलं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका पाइपमध्ये पंख्याचा आवाज दाबत होतो. आवाज हळू असेपर्यंत सगळं छान. वाढवला की चूक एका पातळीखाली उतरेचना. तीन रात्री मी कोडमध्ये बग शोधला. बग नव्हताच. आमचा स्वस्तातला स्पीकर ताणला जात होता. २०० हर्ट्झ मागितले की तो सोबत ४०० आणि ६००ही वाजवत होता. रेषीय फिल्टर आलेल्या सुराची उंची आणि वेळ बदलू शकतो; नवा सूर घडवू शकत नाही. मग तो नवा सूर खोडणार कसा?

उत्तर जुन्या गणितात होतं. इटलीच्या व्हितो व्होल्तेराची मालिका नमुन्यांचे वर्ग आणि गुणाकारही धरते. (१९३१ मध्ये फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या मोजक्या प्राध्यापकांपैकी तो एक.) २००१ मध्ये ली टॅन आणि जीन जियांग यांनी ती ध्वनिनियंत्रणात वापरली. पण किंमत पाहा: १० नमुन्यांसाठी रेषीय फिल्टरला १० गुणांक लागतात, दुसऱ्या घातासाठी आणखी ५५, तिसऱ्यासाठी २२०. इतकं गणित पुढचा नमुना येण्याआधी उरकायचं.

२००४ मध्ये देबी प्रसाद दास आणि गणपती पांडा या ओडिशातल्या संशोधकांनी सोपी वाट काढली: प्रत्येक नमुन्याच्या साइन-कोसाइन आवृत्त्या करायच्या आणि त्यांवर एलएमएससारखाच नियम चालवायचा. नाव ‘फिल्टर्ड-एस’. पेपर वाचून आम्ही तेच केलं. घरघर पूर्ण गेली नाही, पण अडलेली चूक पुन्हा उतरू लागली.

त्यानंतर एक सवय लागली. मॉडेल अडलं की कोडवर शंका घेण्याआधी मी विचारतो: ‘हे सरळ रेषेत वागतं’ असं कुठे गृहीत धरलंय? ल्यूगपासूनची सत्तर वर्षं याच प्रश्नाला थोडं थोडं उत्तर देण्यात गेली.